मनगटावरचा पदर

निपाणी, ता. २० ऑक्टोबर १९१४

वहिनी,

नमस्कार. मी बरा आहे. आमच्या नाटक मंडळीचा मुक्काम आठवडाभर निपाणीत आहे, अजून महिनाभर असेल.

नवं नाटक लागलं. कपडेपट या वर्षापासून माझ्याकडे आहे. कुणी काय नेसायचं, कुठल्या अंकात कुठला रंग, हे मालक आता मला विचारतात. राणीचं काम भावकू करतो. हा कणकुंबीचा. आवाज गोड, चेहरा नाजूक, पण हात लाकूड तोडून वाढलेले. मनगटावर शिरा आहेत. बांगड्या भरल्या की त्या जास्तच दिसतात, आणि किटसनच्या झगझगीत बत्तीपुढे काही लपत नाही. लांब बाह्यांची चोळी शिवून पाहिली, तर राणी शाळेतल्या बाईंसारखी दिसू लागली. सगळे हसले. भावकू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग मला तुमचा पदर आठवला. डोक्यावरून उजव्या खांद्यावर आलेला पदर तुम्ही छातीवरून डावीकडे नेता, मनगटाला एक वेढा देता आणि टोक मुठीत धरता. तसा मी भावकूला घेऊन दिला. हात दिसेनासा झाला. दुसऱ्या अंकात राणी काही न बोलता नुसती उभी असते, तिथे थिएटर गप्प झालं. चार दिवसांनी इथल्या बाजारात तीन बायका तसा पदर घेतलेल्या पाहिल्या.

लोक मला विचारतात, हे कुठून सुचलं. तुम्हांला कळावं म्हणून लिहितो.

मल्लाप्पांचं कापडाचं दुकान पाहिलं. तुमच्या इंदूला बघायला ते याच महिन्यात शहापूरला येणार असं अण्णांनी कळवलं होतं. मुलगा गुंडू गादीवर बसून राहत नाही, स्वतः उठून कापड फाडून देतो. मला बरा वाटला.

परशराम

*

शहापूर, ता. २ नोव्हेंबर १९१४

परशा,

तुजं पत्र पावलं. पावणे येऊन गेले. मल्लाप्पा, त्यांची बायको जयाबाई आणि मध्यस्थ मारुतीराव. इंदूला चालाय लावलं, वाचाय लावलं. मग जयाबाई म्हणाल्या, मागावर बसून दाखव. पोरीनं धोटा असा मारला की तुजं अण्णा पण बघत राहिले. जयाबाई म्हणाल्या, हाताची चपळ हाय. पुनवेपर्यंत होकार धाडतो म्हणून गेलेत. लढाईपायी रंग मिळंना झालाय, तरी तुजं अण्णा मागावर बसून गुणगुणत असतात. लई दिवसांनी ऐकलं.

पदराचं वाचलं. आधी बरं वाटलं. मग भाकरी थापताना वाटलं, हे काय केलंस. तो पदर मी शोभेला घेत न्हाय. इंदू झाल्यावर हातावर पांढरं उठलं, तवापासून घेते. तू दहा वर्सांचा होतास. रंगाच्या हंड्यापाशी माजा हात बघितलास आणि विचारलंस, वैनी, रंग उडाला का. कुणाला सांगू नको म्हटलं, तर सांगितलं न्हाईस. तू, इंदू, तुजं अण्णा आणि शेजारच्या बायाक्का, चौघांनाच म्हाईत हाय. आईला कोड म्हटल्यावर पोरीला कोण करून घेतंय?

म्हणून एकच विचारते. मी असा पदर का घेते, ते तू कुणाला बोलला न्हाईस न्हवं?

मनुबाई

*

निपाणी, ता. ७ नोव्हेंबर १९१४

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. नाही. मी कुणाला काही बोललो नाही. पदर तेवढा दाखवला.

इंदूचं वाचून आनंद झाला. इथे काम फार आहे. राणीचं तिसऱ्या अंकातलं लुगडं जांभळं होतं. दिवसा पाहिलं तर सुंदर, बत्तीपुढे ठार काळं दिसायला लागलं. राणी सुतकात असल्यासारखी. आता अण्णांनी दिलेलं डाळिंबी काढलंय. जरीला घामाचे डाग पडतात, रोज उन्हात टाकावी लागते. राजाचा अंगरखा उंदरांनी कुरतडला, तिथे मी ठिगळाऐवजी वेलबुट्टी लावली. मालकांना वाटलं मुद्दाम केली. या गडबडीत लिहायला उशीर झाला. तुम्ही मनात काही आणू नका.

परशराम

*

शहापूर, ता. २९ नोव्हेंबर १९१४

परशा,

निपाणीकरांनी न्हाय म्हणून सांगितलं. मारुतीराव येऊन गेले. म्हणाले, पत्रिका जमत न्हाय. तुजं अण्णा म्हणाले, पत्रिका तर आधीच जमली होती. तर मारुतीराव चहा न घेता उठले. दारात मला एकटीला म्हणाले, "बाई, त्यांना कळलंय. आता पुढं विचारू नका."

कसं कळलं ते मला ठावं हाय. पावणे आले त्या दिवशी पाण्याचा तांब्या द्यायला मी वाकले, तवा पदर सैल झाला आसंल. जयाबाई माज्या हाताकडं बघत होत्या. मी म्हटलं बांगड्या बघतायत. बारा वर्सं संभाळलं आणि नेमकं त्याच दिवशी सुटलं. पोरीचं लगीन माज्या हातानं मोडलं.

इंदू मागावर बसते, दोन बोटं विणते, उठते. तुजं अण्णा मला काही बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी आता पदराचं टोक मनगटाला सुतानं बांधून ठेवते. आता बांधून काय उपेग.

ही गोष्ट आता निपाणीत फिरंल, तिथनं संकेश्वर, तिथनं सगळीकडं. दुसरं ठिकाण यील असं वाटत न्हाय.

मनुबाई

*

संकेश्वर, ता. ५ डिसेंबर १९१४

वहिनी,

तुमचा यात काही दोष नाही. हे मी समजूत घालायला लिहीत नाही. खरंच नाही.

आमचा मुक्काम आता संकेश्वरला आहे. इथून निपाणी जवळ. येत्या सोमवारी खेळ नाही, मी मल्लाप्पांना भेटतो. अण्णांना अजून सांगू नका.

मनगटाला सूत बांधू नका. व्रण पडेल.

परशराम

*

संकेश्वर, ता. ९ डिसेंबर १९१४

वहिनी,

मल्लाप्पांना भेटून आलो. माणूस वाईट नाही. त्यांना शहापूरशी सोयरीक हवी आहे, इंदू पसंत आहे, गुंडूलाही आहे. अडचण एकच. जयाबाई म्हणतात, आईचं पोरीत उतरणार, पोरीचं नातवंडात.

त्यांनी पान दिलं. मग मी बोलून गेलो, की इंदू तुमची नाही. ती अण्णांच्या पहिल्या बायकोची, रुक्मावहिनींची. रुक्मावहिनी प्लेगात गेल्या तेव्हा इंदू पाळण्यात होती, आणि तुम्ही नंतर घरात आलात. तुमचं आणि तिचं रक्ताचं नातं नाही.

मल्लाप्पांनी आत जाऊन जयाबाईंना सांगितलं. बाहेर येऊन म्हणाले, हे मारुतीराव आधी का बोलले नाहीत.

खोटं फार मोठं नाही असं मी वाटेत स्वतःला सांगत होतो. रुक्मावहिनी खरोखर प्लेगातच गेल्या. पुढच्या वर्षी तुम्ही आलात, मी सात वर्षांचा होतो, त्यानंतर इंदू झाली. तिचं वय दीड-दोन वर्षांनी वाढवून सांगायचं, एवढंच. पण तुम्हांला न विचारता मी हे केलं.

मारुतीराव पंधरवड्यात खात्री करायला येतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी खोटा ठरेन आणि ते ठरण्याची माझी तयारी आहे. तुमच्या मनात असेल तसं करा.

परशराम

*

शहापूर, ता. ४ जानेवारी १९१५

परशा,

मारुतीराव आले आणि गेले. तुज्या अण्णांना विचारलं, पोरगी पहिल्या घरची का. ते धोट्याकडं बघत व्हय म्हणाले. मग माज्याकडं बघितलं. मी मान हलवली.

गल्लीची काळजी करू नको. कुणी विचारलं तर इंदू रुक्माची म्हणा, असं बायाक्का घरोघर जाऊन सांगून आल्या. आता समदी मला लई गोड बोलतात. पाणी भरायला गेले तर घागर कुणीतरी उचलून देतं. बायाक्कांनी कारण पण सांगितलं, ही त्याची कीव हाय.

इंदूला मी सांगितलं. ती म्हणाली, "मग मी तुला काय म्हणू?" मी म्हटलं, सासरी मावशी म्हण, हितं काय पण म्हण. तिनं त्या दिवसापासून हितं पण काही म्हटलं न्हाय. सवय करते आसंल.

जयाबाईंनी निरोप धाडलाय, मांडवात आईचं समदं बायाक्कांनी करावं. माजा हात लागू नये. मी बरं म्हटलं. माज्यानं बिघडलं, तर माज्यानंच निस्तराय पायजे.

लगीन माघात. तू ये. पोरीला नेसवायचं तू बघ. ती म्हणाली, काका नेसवायला सांगतील तशी नेसीन.

मनुबाई

*

सांगली, ता. १० मार्च १९१५

वहिनी,

लग्नाहून परत आल्यापासून हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं. आता जे लिहीन ते धाडणार आहे.

मांडवात बायाक्का पुढे होत्या. तुम्ही गल्लीतल्या बायकांत मागे, खांबाजवळ उभ्या होता. इंदूची ओटी भरताना तुम्ही एकदा पाय उचलून पुढे टाकलात आणि मागे घेतलात. नंतर मी जेवायला बसायच्या आधी तुम्ही मला बाजूला बोलावलंत आणि म्हणालात, "माज्या हातून झालं ते तू निस्तरलंस, परशा. तुजे उपकार हायत." मी खाली बघून बरं म्हणालो आणि पंगतीत जाऊन बसलो. मी जेवलो. पुरणपोळी दोनदा मागून घेतली.

तुमचा पदर सुटला नव्हता.

पहिल्या खेळाच्या आधी भावकूला मी पदर घेऊन दिला, पण त्याला तो जमेना. तो म्हणाला, "ही बाई हात का झाकते ते मला सांग. कारण कळल्याशिवाय मूठ धरता येत न्हाय." तो खरं बोलत होता. मी काहीतरी बनवून सांगू शकलो असतो. भाजलेलं आहे, गोंदण आहे, काहीही. पण मला वाटलं, खरंच सांगितलं तर खरं उभं राहील. आणि खरं सांगायचं तर मला एवढंच वाटलं नाही. कंपनीत इतके दिवस सगळे मला शिकवत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाला काही शिकवत होतो. मी त्याला तुमचा हात सांगितला. कोपरापासून मनगटापर्यंत कसा आहे, पाहुणे आले की तुम्ही ताट कुठल्या हातानं ठेवता, हसताना मूठ कशी घट्ट होते. सगळं. त्यानं मूठ धरली आणि मला टाळी वाजवावीशी वाटली.

नोव्हेंबरात भावकू लुगडी बघायला मल्लाप्पांच्या दुकानात गेला होता. बायकांनी विचारलं, तो पदर कसा घेतात. त्यानं तिथेच घेऊन दाखवला आणि सांगितलं, आमच्या कपडेपटवाल्या परशरामची वहिनी आहे शहापूरची, तिचा आहे हा. तिला कोड आहे, पण असा झाकते की राणी दिसते. त्यानं तुमची स्तुतीच केली. जयाबाई आत बसून ऐकत होत्या. हे मल्लाप्पांनी मला डिसेंबरात तोंडावर सांगितलं, आणि तेही हसून, कारण त्यांना वाटलं मला माहीत असणार.

त्याआधी तुम्ही मला सरळ विचारलं होतंत आणि मी नाही म्हणून लिहिलं होतं. ते लिहिताना भावकू समोर बसून पानाला चुना लावत होता. तुमचं दुसरं, सोयरीक मोडल्याचं पत्र आलं तेव्हा मला संशय होताच. तरी तुम्ही स्वतःला दोष देत होता आणि मी देऊ दिला.

मी तो पदर नाटकातून काढला. मालक रागावले, भावकू रडला. आता राणी शाल घेते, आणि दुसऱ्या अंकात लोक खोकतात. पण बाजारातल्या बायका तसाच पदर घेतात. तो मला काढता येत नाही.

क्षमा मागायला हे लिहीत नाही. तुमच्या हातून काही झालं नाही, एवढं तुम्हांला माहीत असावं.

परशराम

*

शहापूर, ता. १७ ऑगस्ट १९१७

परशा,

अडीच वर्सं झाली. तुजी मनिऑर्डर यायची, खाली चार ओळी यायच्या, मी वाचत होते. लिहावं असं वाटलं न्हाय.

तुजं ते मोठं पत्र मी चुलीत घातलं. तुज्या अण्णांनी वाचलं न्हाय. त्यांना अजून वाटतं माजाच पदर सुटला. मी पण काही सांगितलं न्हाय. भावाभावात कशाला.

तुला वाटत आसंल, भावकूला सांगितलंस त्याचा मला राग हाय. माणूस बोलून जातंय. त्याचा राग चार महिन्यांत गेला. दुसरं हाय ते जात न्हाय.

मारुतीरावांपुढं मी मान हलवली ती का हलवली? पोरीचं माज्यामुळं मोडलं, म्हणून जे मागतील ते द्यायचं असं मी मनाशी धरलं होतं. तू तवाच लिहिलं असतंस की मोडणारा तू, तर मी मान हलवली नसती. ते लगीन झालं नसतं. दुसरं झालं असतं, गरिबाचं झालं असतं, न्हाय तर झालंच नसतं. पण इंदू माजी राहिली असती. माजं नसलेलं फेडायला मी पोर दिली. आणि वर तुजे उपकार मानले.

आता कामाचं लिहिते. इंदूला सातवा हाय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तुजं अण्णा गाडी घेऊन आणायला गेलते. जयाबाई म्हणाल्या, आई आसती तर धाडलं असतं, सावत्र आईकडं पहिली खेप नको. तुजं अण्णा रिकामी गाडी घेऊन आले. त्यात मी घातलेलं अंथरूण तसंच होतं.

खरं सांगितलं तर पोर घरी यील, पण कायमची यील. म्हणून आम्ही गप्प हाय. मला तिकडं जाता यायचं न्हाय. बाळंतिणीच्या खोलीत मला घेणार न्हाईत.

तुमची मंडळी दिवाळीला निपाणीत असते. तू काका हाईस, तुला आत घेतील. बघून ये. जसं आसंल तसं लिही. सजवून लिहू नको.

मनुबाई

*

निपाणी, ता. २२ नोव्हेंबर १९१७

वहिनी,

तुम्ही सांगितलंत तसं, आहे तेवढंच लिहितो.

मुलगी झाली. दहा तारखेला, सकाळी. इंदूला पहिले तीन दिवस ताप होता, आता नाही. अंगावर दूध आहे. काल बारावा दिवस झाल्यावर मला आत बोलावलं.

इंदू वाळली आहे. मला बघून म्हणाली, "आई," आणि तेवढ्यात जयाबाई आत आल्या. मग तिनं वाक्य पुरं केलं, "आईची साडी मी नेसत न्हाय म्हणून मावशीला सांगा, ती नवीच ठेवलीय." मला त्यातलं काही कळलं नाही. तिलाही सांगायचं होतं ते हे नसावं.

गुंडू चांगला वागतो. त्यानं दुकानातलं मऊ धोतर फाडून बाळाला दुपटी करून दिली आहेत. खोलीत वारा येत नाही, पण शेगडी आहे.

जयाबाईंनी बाळ माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "तुम्ही रुक्माबाईंना बघितलंय न्हवं? त्यांच्यावर गेलीय का?" रुक्मावहिनी गेल्या तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला प्लेगच्या झोपड्या आठवतात, त्यांचा चेहरा आठवत नाही. मी म्हणालो, "व्हय, तशीच हाय." जयाबाईंना फार बरं वाटलं. त्यांनी गुंडूला हाक मारून सांगितलं. बारशाला नाव रुक्मा ठेवायचं तिथेच ठरलं.

बाळाच्या कानाची पाळी सुटी नाही. खाली गालाला चिकटलेली आहे, दोन्हीकडची. तुमच्यासारखी. तुमच्या डोक्यावरून पदर कधी खाली आला नाही, त्यामुळे तुमचा कान त्या घरात कुणी पाहिलेला नाही. खोलीत तो ओळखणारी आम्ही दोघंच होतो. इंदूनं भिंतीकडे तोंड केलं. मी बाळाचं टोपडं कानांवर ओढलं, नाडी बांधली आणि ते जयाबाईंच्या हातात परत दिलं.

परशराम